शंभरनं गुणलेला पगार

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ इतकी पक्की लक्षात आहे, कारण माझे दोन्ही हात मनगटापर्यंत लसणाच्या चटणीत होते आणि फोन बरोबर घड्याळाखालच्या फळीवर वाजत होता. मंगलाने तो उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडून आमचे हे म्हणाले, "आली!"

"कोण आली?" मी घाबरले. मला वाटलं, सासूबाई.

"ऑफर आली! जर्मनीची. म्युनिक शहर. वर्षाचे बावन्न हजार युरो!"

तिथून हे सगळं सुरू झालं. तसे किस्से आमच्याकडे आधीपासूनच साचत होते. मसाल्याच्या डब्याच्या तळाला रोज चिमूट चिमूट साचत जातं, कळत नाही, आणि एक दिवस डबा उपडा केला की वाटीभर निघतं, तसं. आमचा डबा उपडा झाला तो अकरा-वीसला.

मी अमरावतीला साईनगरात कमलताईंच्या पार्सलघरात काम करते. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्या आया आमच्याकडे चटण्या, पापड, कुरडया, लाडू बनवून घेतात. घरून आणलेलं सामानही देतात. आम्ही ते सगळं खोक्यात नीट बसवतो, चिकटपट्टी मारतो आणि कुरिअरला देतो. बहुतेक मुलं कॉम्प्युटरवाली. त्यामुळे आया सामानासोबत मुलाचा पगारही घेऊन येतात. सामान आम्ही काट्यावर तोलतो. पगार त्या घरूनच तोलून आणतात!

आणि आमचे हे? लग्न झालं तेव्हा अकोल्याला प्रिंटर दुरुस्त करत होते. मग रोज पहाटे उठून शिकत शिकत टेस्टिंगच्या कामात शिरले. आता नागपूरच्या एका कंपनीचं काम घरी बसून करतात. लोकांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका काढायच्या, हे काम. लग्नाआधी मला माहीत असतं तर मी विचार केला असता.

ऑफरला उत्तर द्यायला पंधरा-वीस दिवस होते. हे म्हणाले, "तू हो म्हणशील तर जाऊ, तिघंही. तू नाही म्हणशील तर विषय बंद."

झालं! म्हणजे बावन्न हजार युरो माझ्या एका शब्दावर. मी सातवी शिकलेली, तिवशाकडच्या खेड्यातली. आमच्या गावात शाळाच सातवीपर्यंत होती. त्यात काळजीचा स्वभाव. दूध उतू जायच्या आधीच मी फडकं घेऊन उभी असते. आणि चार वर्षांची स्वरा. हवा बदलली की तिची छाती भरते.

* * *

मंगला म्हणजे माझ्या शेजारी बसून लाडू वळणारी. एका युरोचे शंभर रुपये धरून तिने तिथल्या तिथे शंभरनं गुणलं.

"बावन्न लाख! अवो बाप्पा! बावन्न लाख!"

"मंगला, हळू बोल."

"हळू कायले बोलू? हळू बोलाले का बावन्न हजार हायेत?"

बारा वाजेपर्यंत साईनगरात बावन्न लाख झाले होते. साडेबाराला बडनेऱ्याहून आतेसासूचा फोन आला, "साठ लाख म्हणतात, खरं काय व?" दीड वाजता अकोल्याहून माझ्या आईचा. आई माझ्या भावाकडे अकोल्याला राहते.

"एक कोट भेटून राहिले म्हणे जावायाले! मले कावून नाई सांगतलं?"

अमरावती ते अकोला शंभरेक किलोमीटर. पगार दर किलोमीटरला चढत गेला होता. बरं, आमचे माहेरवाले अकोल्यालाच थांबलेत. मुंबईला असते तर आम्हाला तो पगार घ्यायला बोलेरो न्यावी लागली असती.

मी आईला खरा आकडा सांगितला. आईने तो भावाला ओरडून सांगितला. मग म्हणाली, "जाऊ दे माय. एवढ्यात भागवा."

* * *

कमलताईंनी मात्र गुणाकार केला नाही. त्या बारा वर्षं पार्सलं बांधताहेत. त्यांनी चष्मा वर केला आणि एवढंच म्हणाल्या, "आई पगार सांगते, यादी खरं सांगते. सामानाच्या याद्या पाहत जा."

म्हणून मी याद्या पाहायला लागले.

पहिली यादी आली देशमुखकाकूंची. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात. काकू पगार कधी वर्षाचा सांगत नाहीत, तासाचा सांगतात. "आमचा पोट्टा शिंकला ना, तरी तेवढ्यात पाचशे रुपये होते!"

यादीत काय? दात घासायचे ब्रश डझनभर. बनियनी. सुई-दोरा, पांढरा आणि काळा. चपलेचा अंगठा. नुसता अंगठा! आणि शेवटी न्हाव्याची कात्री, कंगवे दोन, गळ्याला बांधायचं पांढरं कापड.

मंगला विचारल्याशिवाय राहते थोडीच! "काकू, कात्री काहून? दुकान टाकून राहिला का तिकडं?"

"अवो नाही. त्याले केस कापाचा नवीनच शौक लागला. बायको त्याचे कापते, तो बायकोचे कापतो. तिकडं असं चालते."

संध्याकाळी ह्यांनी फोनवर शोधून सांगितलं. तिकडे एका कटिंगचे टीप धरून साडेतीन-चार हजार रुपये. मी दुसऱ्या दिवशी मंगलाला सांगितलं. तिने हातातला लाडू वळून ठेवला. मग म्हणाली, "अन् चार हजारात डोकं दाबून देते का?"

"नाही."

"मंग शौक बरा!"

* * *

इंगळे गुरुजी आमच्या गिऱ्हाइकांत एकटेच पुरुष. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. बाई वारल्या, त्यामुळे मुलीचं पार्सल ते स्वतः आणतात, आणि खोक्यात काय कुठे ठेवायचं तेही शिकवतात. मुलगी वर्षा म्युनिकलाच! मी त्यांना सोडते का?

"गुरुजी, बावन्न हजार युरो म्हणजे कसं?"

"पोरी, तुम्ही पगाराला शंभरनं गुणलं. बरोबर. कोथिंबिरीला गुणलं का?"

मंगला म्हणाली, "कोथिंबिरीले काय गुणा लागते? ते तं भाजीवर फुकट भेटते."

गुरुजी हसले. मग त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. पहिल्यांदा मुलीकडे गेले तेव्हा ते जे दिसेल ते शंभरनं गुणत. चहा चारशे रुपये! ठेवला. पाव दीडशे रुपये! ठेवला. बसचं तिकीट चारशे! चालले. आठ दिवसांत चार किलो उतरले. शेवटी वर्षाने हात जोडले. "बाबा, गुणाकार बंद करा, नाहीतर उपाशी मराल!"

"मग केला बंद?"

"केला. बंद केल्यावर मजेत राहिलो. भानगड परत आल्यावर झाली."

"काय झालं?"

"इथं आल्यावर भागाकार सुरू झाला ना! पंचवटी चौकात चहा पाहिला, दहा रुपये. म्हणजे दहा पैसे! म्हटलं, पाजा सगळ्यांना! समोसा? पाजा... खिलवा! रिक्षावाला वीस मागे, मी पन्नास देई. पंधरा दिवस मी या अमरावतीत राजासारखा फिरलो."

"मग?"

"मग एक तारीख दूर राहिली अन् पेन्शन संपली. तेव्हा कळलं, पेन्शन रुपयात आहे."

* * *

मंगलाचा मावसभाऊ अचलपूरचा, दुबईत नेटवर्किंगचं काम करतो. यादी छोटी, पण सुट्टीवर येतो तेव्हा पार्सल उलट्या बाजूने येतं. खजूर, अत्तर, टॉर्च, ब्लँकेट.

त्याचं एकच पालुपद. "तिकडं टॅक्स नाही! जेवढं कमावलं तेवढं आपलं!" मंगला त्यालाच धरून बसली होती. "जर्मनीत निम्मा टॅक्समधी जाते म्हणतात. त्यापेक्षा दुबई पा!"

मग त्याच आठवड्यात तो दिवाळीला आला. पहिल्या दिवशी काकाच्या बोअरिंगला पैसे. दुसऱ्या दिवशी मंडळाची वर्गणी, पावतीवर त्याच्यासाठी वेगळाच आकडा. तिसऱ्या दिवशी चुलतबहिणीच्या लग्नाचं फर्निचर. चौथ्या दिवशी मित्राची मोटारसायकल सुटत नव्हती शोरूममधून, ती. दहाव्या दिवशी तो मंगलाच्या घरी अमरावतीला येऊन झोपला. अचलपुरात कोणाला सांगू नको म्हणाला.

मंगला दुसऱ्या दिवशी कामावर आली तीच म्हणत, "टॅक्स कसा नाई? हाये ना! तिकडचं सरकार घेत नाई, म्हणून इकडं अचलपूर घेते!"

* * *

कॅनडाचा किस्सा अकोल्यातला आहे, माझ्या वहिनीने डोळ्यांनी पाहिलेला.

वहिनीच्या शेजारी राहणाऱ्या मावशींचा मुलगा टोरंटोला. त्याच्यासाठी मुलगी पाहायला गेले. मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, सुट्टी काढून आलेली. पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "घर कसं आहे तिकडं?"

मावशी म्हणाल्या, "पाच खोल्यांचं! मागं अंगण, पुढं अंगण, वर बर्फ!"

खोटं काहीच नव्हतं. मुलगा स्क्रीनवर होता, तोही मान हलवत होता.

मुलगी शांतपणे म्हणाली, "आणि मुलं किती?"

"कोणाची मुलं?"

"घरात राहणारी."

स्क्रीनवरचा मुलगा खाली पाहायला लागला. मग म्हणाला, "सहा. मी बेसमेंटमध्ये असतो."

मुलीच्या आजीने विचारलं, बेसमेंट म्हणजे काय? कोणीतरी सांगितलं, तळघर. आजी म्हणाली, "म्हणजे कांदे ठेवाची जागा!"

सगळे हसले. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "तुमचा पगार माझ्या तिप्पट आहे, छान आहे. माझी खोली पुण्यात दहा बाय दहाची आहे. पण तिला खिडकी आहे."

वहिनी म्हणते, त्यावर मुलाने चटकन विचारलं, "खिडकीतून काय दिसतं?" आणि दोघं पाऊण तास खिडकीवरच बोलत बसले. लग्न मार्चमध्ये आहे. कोण कोणाकडे जाणार ते अजून ठरलेलं नाही!

* * *

सगळेच किस्से हसायचे नसतात. हा सांगू की नको असं झालं होतं, म्हणून नाव सांगत नाही.

एक काकू दुपारी गर्दी ओसरल्यावर यायच्या. मुलगा लंडनला, मोठ्या कंपनीत. आमच्याकडे कोणी बसलेलं असलं तर मोठ्याने बोलायच्या. कोणी मुलाला फोन लावा म्हटलं की घड्याळ पाहून म्हणायच्या, "आता नको लावायला, तिकडं आत्ता सकाळची घाई असते त्याची."

त्या दिवशी पार्सल बांधून झालं, आणि पत्ता लिहायला कमलताईंनी मला कागद दिला. मी वाचला. परत वाचला. पत्ता पुण्याचा होता. खाली मुलाचंच नाव.

मी तोंड उघडणार तेवढ्यात कमलताईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

काकू हळूच म्हणाल्या, "सात महिने झाले. माणसं कमी केली म्हणे त्यांनी. तिकडं दुसरी नोकरी भेटली नाही, राहाच्या परवानगीची मुदत संपली. पुण्यात शोधून राहिला." मग दाराकडे पाहिलं. बाहेर त्यांच्या गल्लीतली बाई स्कूटी लावत होती. काकूंचा आवाज चढला, "कमलताई, खोकं मजबूत करा बरं! विमानात फेकतात!"

कमलताईंनी खोक्याला तीन पदर चिकटपट्टी मारली, विमानाच्या खोक्याला मारतात तशीच. पैसे पुण्याचे घेतले.

काकू गेल्यावर मंगला काहीच बोलली नाही. मी तिच्यासोबत तीन वर्षं काम करते. असं पहिल्यांदाच झालं.

त्या संध्याकाळी स्वराला भरवताना घास माझ्याच हातात राहत होता. नोकरी तिकडे गेली तर? घर कोणाचं, भाषा कोणाची, पोरगी शाळेत घातलेली. पगाराला शंभरनं गुणलं तर काळजीलाही शंभरनंच गुणावं लागेल ना? मी ह्यांना तसं म्हटलं. हे म्हणाले, "नागपूरची कंपनीही काढू शकते."

"हो, पण ती गेली तर घरी यायला विमान लागत नाही!"

* * *

ह्यांचं डोकं टेस्टरचं. ह्यांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला. एका बाजूला अमरावती, एका बाजूला म्युनिक. टॅक्स जाऊन हातात येतील महिन्याचे तीन हजार युरोंच्या आसपास, त्यातले निम्मे घरभाड्यात. किराणा, विमा, पास, फोन, थंडीचे कपडे. सगळं भरून म्हणाले, "बघ, उरतात. थोडे, पण उरतात."

मी म्हटलं, "गोदावरीमावशी कुठं आहेत यात?"

गोदावरीमावशी म्हणजे आमच्या शेजारच्या. मी पार्सलघरात असते तेव्हा स्वरा शाळेतून आली की त्यांच्याकडे असते. त्यांच्याकडेच जेवते, झोपते, त्यांच्याच फोटोफ्रेमा फोडते.

"मावशी पैसे कुठं घेतात?" असं म्हणून ह्यांनी अमरावतीच्या बाजूला शून्य टाकलं.

"आणि तिकडं?"

शोधलं. तासाला पंधरा-सोळा युरो. ह्यांनी बोटांवर मोजलं आणि बोटं मिटून घेतली.

"आता डॉक्टर लिहा. रविवारी सकाळी कुलूप काढून स्वराला तपासतात ते."

"त्याचे तीनशे."

"तीनशे तपासायचे. कुलूप काढायचे किती?"

"शून्य."

"मी आजारी पडले की चार दिवस डबा देणारी मंगला?"

"शून्य."

असं करत करत अमरावतीच्या बाजूला खाली अकरा शून्यं झाली. आमचे हे तक्त्याकडे बघत राहिले. जे फुकट मिळतं ते सगळं शून्य लिहिल्यावर अमरावती स्वस्त दिसायच्या ऐवजी रिकामी दिसत होती!

हे म्हणाले, "तक्त्यात चूक आहे."

"कुठं?"

"तेच सापडत नाहीये." आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना चूक सापडत नव्हती.

* * *

शेवटी गुरुजींनीच मार्ग काढला. "माझ्या पोरीशीच बोल. ती खोटं बोलत नाही, लहानपणी मीच शिकवलं तिला."

दुपारी दीडला पार्सलघरातूनच व्हिडिओ लावला. तिकडे सकाळ. वर्षाताईच्या कडेवर दोन वर्षांचं बाळ, मागे धुतलेले कपडे. माझ्या बाजूला गुरुजी, कमलताई आणि मागून मंगलाचं डोकं.

मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. पहिलाच, छातीचा.

"ताई, लेकराची छाती भरली, ताप आला, तर काय होतं?"

"डॉक्टर चांगले असतात ग. विम्यात होतं, खिशातून काही द्यावं लागत नाही. मोठं काही असलं तर दवाखाना कधीही उघडा असतो. पण साधा ताप असला तर तिकडच्यासारखं लगेच औषध देत नाहीत. म्हणतात, आराम द्या, चहा पाजा."

"लेकराला चहा?"

"आपला नाही. बडीशेपेचा."

मंगला मागून ओरडली, "बडीशेपचं पानी? ते तं हिची सासू बी देते! त्याच्यासाठी जर्मनीले जावा लागते?"

वर्षाताई इतकी हसली की बाळही हसायला लागलं. मग तिने चांगलंही सांगितलं. हवा स्वच्छ. रात्री दहाला एकटी बाई ट्रामने घरी येते. शाळेला फी नाही. मी मान डोलवत होते. मग मी तो प्रश्न विचारला जो वहीत लिहिला नव्हता.

"ताई, मी सातवी शिकलेली. मला तिकडं काय येणार?"

तिने बाळाला खाली ठेवलं. म्हणाली, "वहिनी, माझं एम.टेक. आहे. इथं आल्यावर मी भाषेच्या वर्गात गेले. पाटीवर सफरचंद काढून खाली नाव लिहायचं. माझ्या एका बाजूला सिरियाचा सर्जन, दुसऱ्या बाजूला ब्राझीलची स्वयंपाकीण. तिघंही पहिलीत. आणि पहिला नंबर स्वयंपाकिणीचा आला. तिला बाजारात रोज बोलावं लागायचं ना!"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मला माझ्या शाळेची आठवण झाली. आठवीचा वर्ग तालुक्याला होता, आणि मुलीला एकटीला एसटीने पाठवायचं नाही असं घरात ठरलं होतं. आता सगळे मला विमानाने पहिलीत पाठवायला निघाले होते.

खरं सांगते, तिथेच माझा हो अर्धा झाला.

फोन ठेवायच्या आधी मी शेवटचं विचारलं. हे आणि मी भांडलो की मी स्वराला घेऊन अकोल्याला जाते, आईकडे. एसटीत बायांना अर्धं तिकीट. दोन दिवसांत राग उतरतो, तिसऱ्या दिवशी हे येतात घ्यायला, येताना भावासाठी काहीतरी घेऊन येतात. अशी रीत पडली आहे आमची.

"ताई, तुमचं भांडण झालं तर तुम्ही कुठं जाता?"

वर्षाताईने वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली,

"भांडतच नाही आम्ही, वहिनी. परवडत नाही!"

* * *

हे मी ह्यांना घरी येऊन सांगितलं. म्हटलं, "माझा हो आहे. भाषा शिकीन, थंडी सोसीन, बडीशेप पाजीन. पण एक गोष्ट लिहून पाहिजे. माझं आणि स्वराचं, तिकडून अकोल्याला येण्या-जाण्याचं तिकीट. तारीख न टाकलेलं. माझ्या हातात. कंपनीकडून."

"दिवाळीला ते देतातच एकदा, सुट्टीसाठी."

"सुट्टीसाठी नको. सुट्टीत सगळे गोड बोलतात. भांडणासाठी पाहिजे."

हे हसले नाहीत. ह्यांना ते पटलं, हेच मला नवल वाटलं. म्हणाले, "नागपूरच्या कंपनीच्या करारातही हे कलम पाहिजे होतं." मग कॉम्प्युटर उघडला. कंपनीच्या एचआर बाईंना मेल लिहायला घेतली. कारणाच्या जागी येऊन थांबले.

"कारण काय लिहू? 'कौटुंबिक'?"

"खरं तेच लिहा. तुम्ही दुसऱ्यांच्या चुका काढता ना दिवसभर? मग?"

ह्यांनी इंग्रजीत लिहिलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं. 'नवरा-बायकोचं भांडण झाल्यास पत्नीला माहेरी जाता यावं म्हणून.' पाठवली. पाठवल्यावर आम्ही दोघंही जरा घाबरलो. गेली ऑफर, असंच वाटलं. मंगलाने तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीरच केलं, "गेले बावन्न लाख! एका भांडणात गेले! तेही न झालेल्या!"

दुपारी पावणेदोनला उत्तर आलं. हे फोन घेऊन पार्सलघरातच आले, चपला न काढता. कमलताई, मंगला, गुरुजी, सगळे जमले. ह्यांनी वाचलं. चारच ओळी.

एचआर बाईंनी लिहिलं होतं की विनंती वाचली, कारण समजलं, नियमात अडचण दिसत नाही. फक्त पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये रक्कम धरायची आहे, म्हणून शुक्रवारी दुपारपर्यंत कृपया कळवावे:

'वर्षाला अंदाजे किती भांडणं?'

हे म्हणाले, "दोन लिहू?"

मी म्हटलं, "दोन? दोन तर या मेलवरून झाली!"

गुरुजी म्हणाले सरासरी काढा. कमलताई म्हणाल्या पहिल्या वर्षी जास्त धरा. मंगला बोटं मोजत होती, तिला दोन्ही हात पुरले नाहीत.

आज बुधवार. आकडा अजून ठरलेला नाही. तेव्हा, वाचणाऱ्यांनो, अमरावती-अकोल्याकडचं एखादं जोडपं परदेशात वर्षभर राहून आलेलं तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांच्यापर्यंत एवढा निरोप पोचवा, आणि तिकडं वर्षभरात किती भांडणं झाली ते विचारून शुक्रवारच्या आत साईनगरात कळवा. फक्त एक करा. नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं विचारा.